हलू नका, फोटो काढतोय

खाडीकाठच्या चोपडे गावातल्या आमच्या पांडूची गंमत ऐका. हुमणात, म्हणजे माशांच्या कालवणात, मीठ कमी म्हणाला आणि बायकोने त्याच्याशी बोलणंच टाकलं. कोल्हापूरच्या लेकीला दोघांचा फोटो हवा होता, म्हणून मी माझा छोटा कॅमेरा घेऊन गेलो. फोटोऐवजी मुद्दाम व्हिडिओ लावला आणि दरडावलं, "मी सांगेपर्यंत हलायचं नाय!"

दोघं खांबासारखी ताठ. थोड्या वेळाने पांडू ओठ न हलवता पुटपुटला, "मीठ बरोबर होतां गो."

तीही समोर बघतच म्हणाली, "मग तेव्हा कित्याक बोललात?"

"माझीच जीभ वायट."

"आज बांगडे आसत. मीठ तुमीच घाला."

मी म्हटलं, "झालं, हला आता!"

पांडू घाईने म्हणाला, "थांब मेल्या, आणखी एक काढ. सोलकढीक पण नावां ठेवलेली मी!"