वळणावरचा अर्धा सेकंद

थोरला : ...अहो बाई, टोपी बसवताय की डोक्यात रोप लावताय? गार गार काय ओतलंत हे?

संशोधक : जेल आहे. मेंदूतली वीज फार बारीक असते, ती या तारांपर्यंत पोचावी म्हणून. केस धुतले की जातं.

थोरला : मला कसले केस! माझ्या धाकट्या भावाला मात्र डबाभर लागेल.

धाकटा : दादा, गप बस ना जरा. मॅडम, नेमकं करायचं काय आहे?

संशोधक : हा चष्मा लावला की समोर एक घर दिसेल, चित्रातलं. या यंत्राच्या मुठी हातात धरायच्या आणि दोघांनी मिळून काचेचं मोठं तावदान जिन्यावरून वर न्यायचं. तेव्हा तुमचे दोन्ही मेंदू काय करतात, ते मी पडद्यावर बघणार.

धाकटा : काच?

थोरला : मी यांच्याकडे पार्टिशन बसवत होतो. यांनी विचारलं, बरीच वर्षं जोडीनं काम केलेलं कुणी आहे का. म्हटलं, आहेत की. वीस वर्षं काचा वाहिल्यात आम्ही भावांनी.

धाकटा : मला म्हणालास, ठोकळे रचायचेत.

थोरला : काच म्हटलं असतं तर आला असतास?

संशोधक : नको वाटत असेल तर इथेच थांबू. सक्ती नाही कुणावर.

धाकटा : तसं नाही, मॅडम. दोन वर्षांपूर्वी जिन्यातच माझ्या हातून तावदान सुटलं. दादाची दोन बोटं अजून मिटत नाहीत. तेव्हापासून मी रंगाच्या दुकानात असतो. डबा पडला तर फरशी रंगते, एवढंच.

थोरला : आणि मी रोज नवा माणूस घेऊन फिरतो. उजवीकडे म्हटलं की बेटा डावीकडे जातो.

धाकटा : यातलं तावदान फुटलं तर?

संशोधक : दुसरं येईल. हवं तितक्या वेळा.

धाकटा : लावा चष्मा.

(चार फेऱ्या होतात. चारही तावदानं फुटतात.)

धाकटा : बघितलंत? माझ्या हाताला यशच नाही.

संशोधक : मला वेगळंच दिसतंय. या रेघा बघा. निळी तुमची, हिरवी दादांची. सरळ चढताना दोन्ही कशा एका चालीनं जातायत! इतक्या जुळलेल्या मी क्वचितच पाहिल्यात.

थोरला : म्हणजे याच्या मनातलं मला कळतं?

संशोधक : नाही हो, तेवढं यंत्राला सांगता येत नाही. दोघांचं लक्ष एकाच वेळी एकाच गोष्टीवर आहे, इतकंच म्हणता येईल. पण जिन्याचं वळण आलं की रेघांची फारकत. चारही वेळा. आणि मुठींची नोंद सांगते, की दादा तिथे अर्धा सेकंद आधी वळतात. न सांगताच.

धाकटा : म्हणजे माझ्या हातून सुटत नाही?

संशोधक : तुमच्या हातातून ओढलं जातं.

थोरला : त्या दिवशीही मीच आधी वळलो होतो.

धाकटा : काय?

थोरला : तू म्हणालास, थांब, पाय टेकू दे. मी ऐकलं होतं. वर गिऱ्हाईक ताटकळत उभं, मला घाई. वळलो.

धाकटा : दोन वर्षं झाली, दादा.

थोरला : हो.

धाकटा : आई मला समजावत बसायची, होतं असं कधी कधी, मनाला लावून घेऊ नकोस. आणि तू शेजारी बसून जेवायचास!

थोरला : घास उतरायचा नाही रे. पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. नाही बोललो. मग रोज आणखी जड जात गेलं. चुकलो मी.

संशोधक : मी... बाहेर थांबू का थोडा वेळ?

धाकटा : नको, मॅडम. अजून एक तावदान द्या. दादा, या खेपेला मी सांगेन तेव्हाच वळायचं.

थोरला : सांग.

धाकटा : उचल. चल... सावकाश. हां, चल. थांब. पाय टेकू दे. थांब म्हटलं ना! ...हं. वळ आता.

थोरला : वळलो.

धाकटा : चल वर. दोन पायऱ्या राहिल्या. एक. टेकव.

संशोधक : पोचलं! आणि वळणावरसुद्धा रेघा सुटल्या नाहीत. या, बघा तरी!

थोरला : तुम्हीच बघा, बाई. मला आत्ता धूसर दिसतंय. तुमच्या चष्म्यानं असेल.

धाकटा : पुस डोळे, दादा. मॅडम, पुढची जोडी कधी यायचीय?

संशोधक : तासाभरानं.

धाकटा : मग अजून दोनदा नेऊ. सवय मोडलीय माझी.

थोरला : अरे, दुकान उघडायचंय ना तुला?

धाकटा : मालकांना फोन करतो. माझ्या जागी माणूस शोधायला त्यांना महिनाभर तरी द्यायला हवा.