कॉलिनचा पट्टा

इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला असताना ऑफिसातला कॉलिन मला एकदा हरणांच्या शिकारीला घेऊन गेला. झाडावर पंधरा फुटांवर बसायचं होतं. त्याने मला हार्नेस दिला, म्हणजे नुसते चार पातळ पट्टे.

मी विचारलं, "हे माझं वजन पेलतील?"

"हलके आहेत, कच्चे नाहीत. घाल आणि खोडाला अडकव."

तासाभराने हरीण आलं. बघायला मी वाकलो आणि पाय सटकला. पट्टे मांड्यांत रुतले, मी हवेत लटकलो, हरीण पसार. कॉलिनने बंदूक फांदीला अडकवून मला वर ओढलं.

"सॉरी रे, तुझं हरीण गेलं."

स्वतःचा पट्टा खोडाला अडकवत तो म्हणाला, "हरणाचं सोड. इतक्या वर्षांत मी हा एकदाही अडकवला नव्हता."