पाचव्या नंबरचा पृथ्वीराज

हुपरीच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोघी बसल्या होत्या.

“बायडाक्का, तुमचा पृथ्वीराज हेवीवेट बॉक्सिंगात पाचवा हाय न्हवं?”

“हुता. प्रमोटरनं म्हातारं, दमल्यालं गडी म्होरं घातलं. ह्यानं लोळवलं, नंबर चढला.”

“मग ब्येस की!”

“कशाचं ब्येस? जत्रंचा बोकड सजवावा तसं, चॅम्पियनम्होरं न्यायला चढवल्यालं.”

“अगं बया! मग त्या लढतीच्या कागदावर सही केली?”

“न्हाय. म्हणला, तालमीत बरोबरीची जोड सगळ्यांदेखत लागती. आधी माझ्या जोडीचा गडी द्या, मग चॅम्पियन.”

“मग?”

“दुसऱ्या दिशी नंबरांच्या यादीतनं नावच गेलं.”

“वाईट झालं.”

“वाईट? काल मांडीवर डोस्कं घिऊन तेल घातलं. नाक, कान, दात, समदं जागच्या जागी. हत्तीएवढं पोरगं, गप निजलं बघ.”