सकाळची तिकिटं

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर तिकीट खिडकीतल्या कारकुनाने शिक्का उचलला होता. खिडकीबाहेर एक गृहस्थ आणि त्याची म्हातारी आई उभी होती; बायको आणि मुलं शेजारच्या गाडीत बसली होती.

"तीन मोठे, दोन मुलं. जरा लवकर द्या, साहेब."

"दोनच मोठे. माझं काढू नकोस. मला तुझ्या मावशीकडे सोड."

"आई, मावशीकडे परतताना जायचं ठरलंय ना?"

"गेल्या वर्षीही परततानाच ठरलं होतं. मुलं पेंगली, तूही कंटाळलास, आणि गाडी सरळ घरी."

"अगं, अर्ध्या तासावर तर तिचं घर आहे. दुपारी नक्की जाऊ. कुठे पळून चाललीय ती?"

"दुपारी नको."

"जनावरं सकाळीच दिसतात, आई. ऊन चढलं की झाडीत शिरतात. हो ना, साहेब?"

"हो," कारकून म्हणाला.

"ताईचंही तसंच झालंय रे. तिची सून फोनवर सांगत होती. सकाळी तेवढी माणसं ओळखते. ऊन चढलं की पोटच्या मुलालासुद्धा विचारते, तुम्ही कोण?"

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. गृहस्थ जागचा हलला नाही.

"साहेब, उद्याची तिकिटं मिळतील? तीन मोठे."

कारकुनाने शिक्क्यावरची तारीख एका दिवसाने पुढे फिरवली.

"मिळतील. पण निघा आता. ऊन चढायला लागलंय."