जावयाचं हरीण आणि माझी फोडणी

"आई, तुमच्या लसणाच्या फोडणीमुळेच हरीण फिरकत नाही!" जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या स्वयंपाकघरात आमचे जावईबापू माझ्यावर ओरडत होते, ऐका. परीक्षा देऊन शिकारीचा परवाना, तो याग्डशाइन, मिळवलेला माणूस, पण तीन शनिवार रिकाम्या हाताने परतला. कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन बाल्कनीत टांगून झाले, आता म्हणे शुक्रवारपासून घरात फोडणी बंद. मी काय उकडलेले बटाटे खाऊ?

शाळा नाही पाहिली, पण शेळ्या राखून वाढलेय मी. विचारलं, "वारा कुठून होता?"

"पाठीमागून. समोरून आला की तोंड फार गारठतं हो, आई."

"म्हणजे तुमचाच वास वाऱ्याने हरणापर्यंत पोचवला, जावईबापू; येत्या शनिवारी तोंड गारठू द्या, फोडणी मी आत्ताच घालतेय."