वळण आलं की चेंबर

...नाही नाही, झाकणाचं नंतर, आधी चेंबरचं ऐका! म्हणजे तुम्हाला सांगतो, माणसाने एका जन्मात काय काय निवडावं? शर्टाचं कापड निवडावं, कलिंगड निवडावं, फार तर जावई निवडावा... पण सांडपाण्याचं चेंबर? आणि तेही नियमात बसणारं? आणि मला हवं काय होतं? एक खोली! घराच्या मागे, एवढीशी. तिला एक खिडकी, खिडकीत एक खुर्ची आणि खुर्चीत मी. "आणि करणार काय तिथे?" आमच्या हिचा पहिला प्रश्न. अगं, काही नाही! तेच तर करायचंय! ढग बघायचे... जन्मभर राहून गेलंय ते. वरच्या मजल्यावर लेक-जावई, स्वयंपाकघरात ही, रस्त्याकडच्या खोलीत आप्पा, म्हणजे माझे वडील. ते पडल्यापासून तिथे कॉटवर असतात, आणि त्या गाड्यांच्या भोंग्यांपायी डोळ्याला डोळा नाही बिचाऱ्यांच्या. मग ढग बघायला मी जायचं कुठे?

तर पाया खणायला घेतला आणि कुदळ ठण्णकन वाजली! प्लंबर वाकून बघतो, टोपी मागे सारतो आणि म्हणतो, "काका, गटाराची लाईन आहे. हिच्यावर खोली नाही बांधता येत. लाईन फिरवून घ्यायची, खोलीला वळसा घालून. आणि वळण आलं की चेंबर!" म्हटलं, का बाबा? "तुंबलं तर काठी कुठून घालणार? पाणी वळतं, काठी वळत नाही."

काय बोलला हो! मी तिथेच उभा, मातीच्या ढिगावर... म्हटलं, ही सोय माणसाला का नाही दिली? लग्न झालं, चेंबर. नोकरी सुटली, चेंबर. भावाशी बोलणं बंद झालं, तिथे तर मोठंच चेंबर! म्हातारपणी हळूच झाकण उचलायचं, काय अडकलंय बघायचं, काठीने थोडं ढकलायचं, की पुन्हा झुळझुळ... "अहो! खड्ड्यात पडाल!" ही ओरडली. हिला माझं तरंगणं लांबून कळतं.

मग दुकान. दुकानदार गल्ल्यावरून उठायला तयार नाही. "कसं दाखवू? गोल, चौकोनी? सिमेंटचं, प्लॅस्टिकचं? पाणी डावीकडून येतं का उजवीकडून? का दोन्हीकडून?" अहो, मला काय विचारता, मी काय पाण्याबरोबर येतो? म्हटलं, नियमात बसणारं द्या. "सगळीच बसतात हो! खड्डा किती खोल ते सांगा." म्हणजे परत घरी! म्हणजे टेप!

उतरलो खड्ड्यात. आणि तुम्हाला सांगतो... काय गार वाटलं! वरचा एक आवाज खाली येत नाही. चार बाजूंनी ओली माती आणि डोक्यावर आभाळाचा एक चौकोन, त्यात एकच ढग, सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखा... बघता बघता टेप पाईपला टेकवली, आकडा वाचला, वर आलो, आणि ऐटीत रुंद तोंडाची चेंबरं आणली, दोन वळणांची दोन. पहिलं बसवलंसुद्धा!

आले नगरपालिकेचे इन्स्पेक्टर, चेंबर तपासायला. बारीक आवाजाचा माणूस, पण एकेक शब्द खिळ्यासारखा. "माप कुठवर घेतलंत?" पाईपापर्यंत. "पाईपाच्या पाठीपर्यंत की पाणी वाहतं तिथपर्यंत?" ...आता पाणी काय पाईपाच्या पाठीवरून वाहतं? पण टेप मी पाठीवरच टेकवली होती ना! "तळापर्यंत धरायचं. वीतभर वाढलं, म्हणजे तुमचं चेंबर खोलात गेलं. खोल चेंबरचं तोंड अरुंद लागतं. माणूस आत उतरता कामा नये." मी हसलो. म्हटलं, साहेब, गटारात कोण उतरेल हो? ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी त्या वेळी पुढच्या वळणाच्या खड्ड्यात उभा होतो.

काढा परत! दुकानदार लांबूनच, "या! अरुंद तोंडाचं ना?" यांना आधी कळतं, मग आधी सांगत का नाहीत? आणि एक नव्हे, वळण आलं की चेंबर, दोन्ही वळणांची बदलली!

मग गळतीची परीक्षा. प्लंबरने खालचं तोंड बंद केलं, पाणी भरलं, म्हणाला, "बघत बसा, पातळी उतरता कामा नये." बघत बसा! मला! असं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं हो! बसलो. आप्पाही काठी टेकत आले, बसले शेजारी. त्या एवढ्याशा गोल पाण्यात सगळं आभाळ... "उतरतंय का रे?" नाही आप्पा. "बरं वाटतं इथे. गाड्या ऐकू येत नाहीत." मी म्हटलं, हो ना! तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

खोली झाली. खिडकी बसली. आप्पा म्हणाले, "बघू तरी." जावयाने कॉट आत आणून दिली, आप्पा म्हणाले, "जरा टेकतो." आणि झोपले! भर दुपारी, तोंड उघडं, बारीकसं घोरत... पडल्यापासून अशी झोप पाहिली नव्हती आम्ही त्यांची. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझी खिडकी होती ती! आणि बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. ही कुजबुजली, "उठवायचं?" म्हटलं, हात लावू नकोस.

मी खुर्ची घेऊन बाहेर. मागे सपाट जागा कुठली उरली होती? चेंबरचं झाकण! टाकली खुर्ची त्यावर, बसलो, मान वर केली... तेवढ्यात साहेब शेवटच्या तपासणीला. "झाकणावर कुंडी नको, फरशी नको, कायमचं काही ठेवायचं नाही. केव्हाही उघडता आलं पाहिजे. आणि हे काय?"

ही दारातून म्हणाली, "ते राहू द्या साहेब. हाक मारली की उठतात."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघितलं... आणि पास केलं.