पेन्सिलीच्या खुणा

दांडीहून बोईसरला जाणाऱ्या बसमध्ये माझा जप चालला होता. पुढच्या बाकावर सासू-सून होत्या. सुनेच्या मांडीवर प्लास्टिकचा डबा होता.

"मेघाली, पाळलेल्या सरड्याची अंडी दाखवायला डॉक्टरकडं कोण जातं गं?"

"बियर्डेड ड्रॅगन हाय ती, आई. पयल्यांदाच अंडी घातलीत तिनं, आणि त्यातली दोन आज पिचकली."

"बाकीची बरी दिसतात की."

"पण मी पेन्सिलीनं खुणा केलेल्या, त्या कुठं गेल्या कळत नाय."

"त्या खुणा होत्या?"

"वरची बाजू कळायला. अंडं उलटलं तर आतलं पिल्लू मरतं."

"अगो बाई! मला वाटलं डाग पडलेत. मी पुसून काढले. रोज फिरवूनपण ठेवते. कोंबडी नाय का फिरवत?"

"किती दिवस?"

"तू कामावर गेलीस की. पाच दिवस झाले."

सुनेनं झाकण हळूच उघडून आत बघितलं आणि परत लावलं.

"डॉक्टरांना मीच सांगेन. तुला नको बोल लागायला. सगळी गेली असतील का गं?"

"नाय माहीत. डबा तुमी धरा, आई."

"माझ्याकडं देतेस?"

"धरा. फक्त हलवू नका."